फत्तरसुवा

मानोऱ्याजवळच्या त्या गावात चतुराबाईंइतका गाजरगवताचा राग कोणालाच नव्हता. साठी उलटली, भाजीपाल्याची वाडी सुनेच्या हाती गेली, पण पोळा झाला की बचत गटाच्या बायकांना घेऊन त्या बांधाबांधानं फिरायच्या आणि फूल यायच्या आत रोप मुळासकट उपटायच्या. एकदा फूल आलं की बसा मग बोंबलत, असं त्यांचं म्हणणं. ते खरंच होतं. पण नुसतं पान पाहून झाड ओळखतो ही त्यांची घमेंडही तेवढीच खरी.

यंदा बरड माळावर बारीक चिरलेल्या पानांची रोपं दिसली, तेव्हा तांड्यावरची रामीबाई मध्ये बोलली.

"बाई, हा फत्तरसुवा हाये. आमी भाजी करतो याची. पान चुरगाळून वास तं घ्या."

वास घ्यायला असा कितीसा वेळ लागतो? पण दहा बायकांसमोर आपल्याच शेतात निंदायला येणारी बाई आपल्याला शिकवते, हे चतुराबाईंना झोंबलं.

"गाजरगवत मले नको शिकवू," त्या म्हणाल्या आणि दुपारपर्यंत माळ साफ करून घेतला. रामीबाईही गुमान उपटत राहिली.

दसऱ्यानंतर चतुराबाई एकट्याच माळावर गेल्या. दगडाच्या फटीत एक रोप वाचलं होतं आणि फुललं होतं. गाजरगवताचं फूल पांढरं. हे इवलंसं, पिवळंधमक. त्यांनी पान चुरगाळलं. शेपूचा वास आला. आपण चुकलो याचं काही नाही, पण तिला गप्प केलं आणि तिच्याच हातानं तिची भाजी उपटायला लावली, हे त्यांना खात सुटलं.

रामीबाईचं बिऱ्हाड दुसऱ्या दिवशी ऊसतोडीला निघणार होतं. चतुराबाई तडक तांड्यावर गेल्या आणि रोप तिच्यापुढं धरलं.

"तुहं खरं होतं, रामी. म्या वास बी घेतला नाई. चुकलं माहं."

रामीबाईनं रोप हातात घेतलं. मुळांना ओली माती तशीच होती.

"अजून कुठी हाये का हे?"

"नाई. एवढंच राह्यलं होतं."

"मंग हे कायले उपटलं, बाई? याचंच बी पडलं असतं माळावर."

"तुले दाखवाले," एवढंच चतुराबाईंना म्हणता आलं.