तोंड बांधून पाहिलेला पिक्चर

आता काय सांगू तुम्हाला, चांगलं काम करायला गेलो आणि स्वतःच्या हातानं स्वतःची अब्रू घालवून बसलो! हसायचं तर हसा, पण चहा खाली ठेवून हसा.

मी तेव्हा पुलगावात चौथीचा मास्तर. टीव्ही कोणाच्या घरी नव्हता. वर्षातून एकदा शाळेतर्फे मुलांना सिनेमा दाखवायचो. वर्ग वर्षभर त्या दिवसाची वाट पाहायचा. आणि खरं सांगतो, मुलांपेक्षा जास्त मी पाहायचो.

त्या वर्षी टॉकीजला जुना, काळापांढरा विनोदी पिक्चर लागला. आमच्या बड्या गुरुजींनी, म्हणजे हेडमास्तरांनी, मला बोलावलं.

"पोस्टर पाह्यलं काय तुमी? बाई हौदात पडून राह्यली!"

"पाह्यलं, गुरुजी."

"पोट्ट्यायले दाखवासारखा हाय का नाई, पाहून या. पन गुपचूप! कोनाले समजू देऊ नका."

अहो, माणूसही कसा निवडला! मी जन्माचा संशयी. वर्गात एखादा मुलगा शांत बसला तरी मी आधी त्याचे खिसे तपासायचो.

गुपचूप म्हणजे काय? मी डोक्याला, तोंडाला दुपट्टा गुंडाळला. वर काळा चष्मा. आमच्याकडे उन्हाळ्यात सगळा गाव असाच फिरतो, कोणी ढुंकून पाहत नाही. पण हे दिवस होते जानेवारीचे! लोक उन्हात पाठ शेकत बसलेले आणि त्यांच्यामधून मी तोंड बांधून चाललेला. माझ्या डोक्यात हे आलंच नाही.

टॉकीजच्या दारावर तिकिटं फाडायला नामदेव. त्याचा मुलगा माझ्याच वर्गात.

"गुरुजी? तुमी? अन् तोंड काऊन बांधलं?"

"कोण गुरुजी? मी गुरुजी नाई!"

कोणत्या आवाजात म्हणालो असेन? ज्या आवाजात रोज पाढे म्हणून घ्यायचो, त्याच! रांगेतले सगळे वळून पाहायला लागले. मी तसाच बाल्कनीच्या कोपऱ्यात जाऊन बसलो.

पिक्चर सुरू झाला. नायिका खोलीत गेली, दार लावलं. म्हटलं, झालं, आता येतंय काहीतरी! मी खुर्ची घट्ट धरून बसलो. दार उघडलं. बाई लोणच्याची बरणी घेऊन बाहेर! नायक खाटेखाली शिरला. मी पुन्हा सावध. तो बकरी शोधत होता! हौदातही बाई पडली ती डोक्यावरच्या घागरीसकट, आणि बाहेर आली तर पदर जागच्या जागी.

तीन तास नुसता संशय घेऊन मी थकलो. इतका साफ पिक्चर, की देवळात दाखवावा!

तसं मी बड्या गुरुजींना सांगितलं. पण दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकाशी पालक उभे.

"आमची लेकरं नाई येत त्या पिक्चरले."

"अहो, पिक्चर साफ आहे!"

"मंग तुमी तोंड काऊन बांधलं?"

बड्या गुरुजींचं नाव घेण्याची सोय नव्हती, ते शेजारीच उभे राहून आभाळाकडे पाहत होते.

इकडे मुलांचा सिनेमा रद्द, तिकडे टॉकीजवर झुंबड! मास्तर तोंड बांधून गेला म्हणजे पिक्चरमध्ये काहीतरी असणारच. गावातल्या कापड मिलची पाळी सुटली की माणसं घरी न जाता तिकिटाच्या खिडकीवर. ज्यांनी कधी सिनेमाचं नाव काढलं नाही असे आजोबासुद्धा काठी टेकत हजर. आणि सगळे संतापून बाहेर यायचे.

"काहीच नाई बाप्पा! बकरी, बरनी अन् घागर!"

"शेवटपर्यंत बसलो, आता येईन, मंग येईन. पैसे बुडाले!"

मला काय आनंद झाला! गावानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहून पिक्चर साफ ठरवला होता. मी फाटकाशी जाऊन उभा राहिलो, छाती काढून. म्हटलं, आता लोक माफी मागतील.

पालक आले आणि मला वळसा घालून गेले. सगळे थेट आत, बड्या गुरुजींच्या खोलीत. बऱ्याच वेळानं बडे गुरुजी बाहेर आले.

"शनिवारी लेकरं जातीन. पालक तयार झाले."

"वा गुरुजी! मी सगळ्यांना रांगेत घेऊन जातो."

"तुमी नाई. तिसरीच्या बाई नेतीन."

"काऊन?"

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"पालक म्हनून राह्यले, पिक्चरमध्ये तं काईच नाई. मंग हा मानूस तोंड बांधून, कोपऱ्यात, अंधारात करून काय राह्यला होता? लेकरायले पिक्चर चालते म्हनते, गुरुजी. तुमी नाई चालत."