करंगळी धरून नाच

नवरा गेल्यावर मी जत सोडून पाचगणीच्या एका शाळेत वसतिगृहाची मावशी म्हणून लागले. तिथे मुली स्नेहसंमेलनासाठी हालाय बसवत होत्या. तुर्कस्तानात लग्नाकार्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हा नाच. करंगळीत करंगळी अडकवून रांग धरायची, पुढचा रुमाल उडवत पावलं टाकतो. आमच्याकडे गजी नाचात वडील असाच रुमाल उडवायचे, पण तो नाच पुरुषांचा. आम्ही बायका लांबूनच बघायचो.

एक दिवस एक मुलगी आजारी पडली. "मावशी, तुम्ही उभ्या राहा ना," नाच शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या.

"मला न्हाई येत."

"करंगळी धरा, पाय आपोआप पडतात."

मी धरली. कितीतरी महिन्यांनी कुणीतरी माझा हात धरला होता. सराव संपल्यावर मुली जेवायला पळाल्या. मी खिडक्या लावत एकटीच मागे राहिले.