फुकट सिम आणि ईसीजीची पट्टी

“मेश्राम, सरकलं का पुढे?” देशकर साहेबांनी तिसऱ्यांदा विचारलं.

“नाही सर. बारा टक्क्यांवरच आहे.”

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूलजवळच्या एका गावात, आरोग्य केंद्राच्या ओसरीवर मी लॅपटॉप घेऊन बसलो होतो. आमच्या मोबाइल कंपनीने तिथल्या टॉवरवर नुकतंच ‘एज’ सुरू केलं होतं. एज म्हणजे मोबाइलवरचं जरा वेगवान इंटरनेट. मी नेटवर्क इंजिनियर, देशकर साहेब माझे बॉस. गावाला वेग दाखवायचा म्हणून त्यांनी डेमो ठेवला होता. गर्दी जमावी म्हणून येईल त्याला सिमकार्ड, आणि दिवसभर बोलणं फुकट.

दुसऱ्या कंपनीचा इंजिनियर नायडूही आपलं डेटाकार्ड घेऊन आला होता. त्याचं तंत्र वेगळं, सीडीएमए. कागदावर वेग झकास. पण टॉवर मूलमध्ये, त्यामुळे इथे सिग्नल फक्त गच्चीवर.

डेमो सुरू होण्याआधीच सुखदेव भोयर यांना त्यांची बायको घेऊन आली. तळ्यात मासे धरणारा दणकट माणूस, पण घामाने निथळत होता. डॉक्टर रामटेके मॅडमनी ईसीजी काढला आणि लँडलाइनवरून चंद्रपूरच्या हृदयरोगतज्ज्ञांना फोन लावला. अॅम्ब्युलन्स यायला वेळ होता. तोवर काय द्यायचं, हे विचारायचं होतं.

“पट्टी पाहिल्याशिवाय कसं सांगू? मेल करा,” ते म्हणाले.

मॅडम बाहेर आल्या. “तुमच्यापैकी कोणाचं नेट खरंच चालते?”

आम्ही दोघंही हो म्हणालो.

डेमोसाठी आणलेल्या कॅमेऱ्याने मी पट्टीचा फोटो काढला, लहान केला आणि पाठवला. तो बारा टक्क्यांवर अडकला. तोच फोटो घेऊन नायडू गच्चीवर धावला. त्याचा निम्मा जाऊन तुटला. दोनदा.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. टॉवरवर जागा मोजक्या असतात. कॉल आला की डेटाला उठवून ती जागा कॉलला देतात. आणि समोर सगळं गाव कानाला फोन लावून उभं होतं.

“सर, हे फोन बंद करावे लागतील.”

“डोकं फिरलं का? लाँच आहे आज!”

“सर, आत माणूस आहे.”

तेवढ्यात हे ऐकत नायडू गच्चीवरून खाली आला, थेट रस्त्यावर गेला आणि ओरडला, “भाऊ, फोन बंद करा सगळे! भोयरभाऊसाठी!”

“मेश्राम, तो आपले कस्टमर तोडतोय!” साहेब किंचाळले.

“आत्ताच तं भेटला फोन, बंद काऊन करू?” एक म्हातारा म्हणाला.

भोयरबाई दारातून म्हणाल्या, “बाबाजी, माह्या मानसाले तरास होऊन राह्यला. थोडा वेळ नोका बोलू.”

म्हाताऱ्याने मुकाट्याने फोन बंद केला. मग एकेक करत सगळ्यांनी.

पट्टी इतक्या झपाट्याने गेली की मी दोनदा तपासून पाहिलं. चंद्रपूरहून फोन आला. तज्ज्ञांनी सांगितलेलं औषध मॅडमनी दिलं. अॅम्ब्युलन्स आली, भोयर गेले. आणि वाचले. पुढे टॉवरच्या कामाला गेलो तेव्हा तळ्याच्या पाळीवर भेटले. “तुमचं नेट मस्त हाय साहेब,” म्हणाले. मी काही खुलासा केला नाही.

देशकर साहेबांनी हेड ऑफिसला कळवलं: डेमो यशस्वी, एक जीव वाचला, सोबत त्या मिनिटाला नोंदलेला वेग. हेड ऑफिस खूश झालं. तोच आकडा जाहिरातीत टाकला आणि वर तळटीपेची चांदणी लावली. चांदणीखाली काय लिहायचं, हे मला विचारलं. नायडूला श्रेय देण्याचा प्रश्नच नव्हता. मी प्रामाणिकपणे लिहून पाठवलं: ‘गावातले सगळे फोन बंद असताना.’

छापून आलं: ‘अटी लागू.’