फळीवरची रिकामी जागा

देवीला अडवायला नेमकं माझंच काम कसं सापडतं, असा त्या दिवशी मला खरोखर प्रश्न पडला होता. आमचा लातूर जिल्हा नुकताच नवा झाला होता आणि गावाकडे दुष्काळ होता. अहमदपूरजवळच्या आमच्या गावात म्हातारी आई टँकरची वाट बघत होती आणि टँकरपेक्षा जास्त माझी. तिला माहूरला रेणुकेच्या दर्शनाला न्यायचं मी कबूल केलं होतं. माझी रजा आधी दोनदा रद्द झाली होती. या वेळी ती हातात होती, ट्रंक भरलेली होती आणि संध्याकाळी नांदेडची गाडी होती.

मी हवाई दलात लढाऊ विमानांचा मेकॅनिक. माझ्या वाट्याला आलेलं विमान म्हणजे जुन्या महायुद्धातलं पंख्याचं धूड, केवळ समारंभात उडवून दाखवायला जपलेलं. एक गळती बंद करावी तर दुसरी सुरू, असा त्याचा रोजचा छळ. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचं उड्डाण होतं. काम उरकून मी हात पुसले आणि हत्यारांच्या फळीकडे पाहिलं. फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली असते, त्यामुळे काय परत आलं नाही ते लगेच कळतं. एका लहान पान्याची जागा रिकामी होती. पाना विमानात राहिला आणि हवेत कुठे अडकला तर संपलंच. म्हणून तो सापडेपर्यंत विमान उडत नाही आणि मेकॅनिक घरी जात नाही.

खिसे झाले, पेट्या झाल्या, सगळी फरशी झाली. गाडीची वेळ निघून गेली. मी हँगरच्या दारात उभा राहून रेणुकेला नको नको ते बोललो. तुझ्याच दर्शनाला निघालो होतो ना, मग हा काय खेळ मांडलास?

माझा जोडीदार हदगावचा. तो म्हणाला, "देवीला काहून बोलून राहिला? ती काय पाने चोरती का? चल, शेपटाकडची झाकणं खोलू."

त्या झाकणांची तपासणी इतक्यात नव्हतीच. कुरकुरत खोलली. पाना आत, तळाशी पडलेला होता. आणि त्याच्या अगदी वर, विमानाचं नाक उचलणारी तार कप्पीपाशी झिजून सायकलच्या ब्रेकच्या तारेसारखी पिंजारली होती. दोन-चार धाग्यांवर टिकून होती. सकाळचं उड्डाण रखडणार म्हणून मघापासून आमच्यावर डाफरणारा तरुण वैमानिक त्या तारेचे उरलेले धागे बोटानं मोजू लागला. ती सकाळी हवेत तुटली असती तर विमान त्याच्यासकट सरळ खाली आलं असतं. हे विमान शेपूट जमिनीला टेकवून उभं असतं, तेव्हा पाना उतारानं घरंगळत मागं गेला असेल. मी त्यावर वाद घालत नाही.

घरी उशिरा पोचलो तेव्हा आई रुसून बसली होती. माहूरच्या पायऱ्या चढताना मी तिला सगळं सांगितलं. ती मध्येच थांबली, माझा हात घट्ट धरला आणि पदरानं डोळे पुसले.

"तिकडं तू तिला शिव्या देऊन राहिला, हिकडं मी," ती म्हणाली. "अन् ती बिचारी दुसऱ्या मायचं लेकरू वाचवून राहिली."

माझी चिडचिड काही गेलेली नाही. आजही एसटी चुकली की पहिला शब्द वाईटच निघतो. पण दुसरा निघायच्या आत हात जोडले जातात.