एका कुस्तीत चार पैलवान

माईक हातात आला की मी वीतभर उंच होतो, असं माझी बायको म्हणते, आणि ते ती कौतुकानं म्हणत नाही. कुपवाडला माझं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. पण सांगली-साताऱ्याच्या गावांत मला ओळखतात ते जत्रेतल्या कुस्त्यांचा निवेदक म्हणून.

काही वर्षांपूर्वी माझ्या पापण्या संपावर गेल्या. डॉक्टरांनी सोपं करून सांगितलं: मेंदूचा हुकूम नसेतून निघतो, पण स्नायूपर्यंत धड पोचत नाही. सकाळी डोळे टक्क उघडे. दिवस कलला की डावी पापणी घसरते, आणि दोन्ही डोळे एका रेषेत राहत नाहीत म्हणून एकाच्या जागी दोन दिसतात. गोळ्यांनी बरंच निभतं, उन्हानं बिघडतं. "संध्याकाळी मला दोन बायका दिसतात," ही बातमी मी घरी मोठ्या उत्साहानं दिली. "मग निम्मी भांडी त्या दुसरीला घासायला सांगा," असं उत्तर आलं.

यंदा साताऱ्याकडच्या एका मैदानाचं बोलावणं आलं. तिथले जत्रा कमिटीचे अध्यक्ष निवृत्त सुभेदार. फोनवर म्हणाले, "गड्या, तुज्या डोळ्यांचं कानावर आलंय. बारक्या कुस्त्या तू घे. शेवटची दुसऱ्या कुणाला देतो."

शेवटची कुस्ती दुसऱ्याला! म्हणजे लग्नात मी फक्त अक्षता वाटायच्या. मी ठासून सांगितलं, "डोळे ठणठणीत हायती, सुभेदार!"

बायकोनं ते ऐकलं. जत्रेच्या दिवशी गोळ्यांचा डबा घेऊन सरळ माझ्याबरोबर गाडीत बसली. कुस्ती तिला अजिबात आवडत नाही.

बारक्या कुस्त्या झकास झाल्या. पण ऊन असं की शेवटच्या कुस्तीची हलगी कडाडली तेव्हा माझी डावी पापणी पार मिटलेली. बायकोनं गोळेवाल्याकडून बर्फ आणला, रुमालात गुंडाळून माझ्या पापणीवर धरला. थंडाव्यानं माझी पापणी थोडा वेळ उचलते. उचललीही. आणि नाटकाचा पडदा वर जावा तसे आखाड्यात चार पैलवान प्रकट झाले.

एक डोळा झाकला की जोडी मोडते, हे मला ठाऊक होतं. पण समोरच खुर्चीत सुभेदार बसलेले. डोळ्यावर हात गेला असता तर माईक गेला असता. मी तोंड फिरवून कुजबुजलो, "अगं, काय चाललंय सांग."

"निळ्या लंगोटवाल्यानं दुसऱ्याचा एक पाय धरलाय."

"एकेरी पट काढला!" मी गरजलो. टाळ्या.

"आता त्याच्या पाठीवर बसून मान रगडतोय. चटणी वाटल्यागत."

"घिस्सा ओढतोय, मंडळी, घिस्सा!" पुन्हा टाळ्या. संसारात आमचं इतकं कधी जुळलं नव्हतं.

तेवढ्यात ती ओरडलीच. "आवं, उलटला! भाकरी परतल्यागत परतला!"

"कोण उलटला?"

"मला काय म्हाईत? मातीनं दोघंबी सारकेच दिसाय लागलेत!"

माईक माझ्या तोंडाशी होता, आणि ती माझ्या कानाशी. हे सगळं कर्ण्यांतून अख्ख्या मैदानानं ऐकलं. हशाची लाट उठली.

आता लपवायला उरलंच काय? मी डाव्या डोळ्यावर तळवा ठेवला. चाराचे दोन झाले. "मंडळी, आजारपणानं मला एकाचे दोन दिसतात. त्यातले खरे कोणते, ते आमची मंडळी सांगत होती. आता मला दिसतंय, माती असली तरी अंगलटीवरून ओळखतोय: निळ्या लंगोटाचा पैलवान खाली आहे, आणि सुटायची धडपड करतोय!" पुढचं समालोचन मी एका डोळ्यानं, घसा फोडून केलं. निळा सुटला नाही. चितपट झाला.

सुभेदार मंचावर चढले. वाटलं, आता माईक काढून घेतात.

"आधी का न्हाई सांगितलंस रं?"

"सांगितलं असतं तर शेवटची कुस्ती दिली असती?"

"न्हाई," सुभेदार सरळ म्हणाले. मग बायकोकडं वळले. "वैनी, तुमी येणार असाल तर फुडल्या वर्षीबी शेवटची ह्येच घेतील."

"येते की," ती म्हणाली. "पण ही माणसं मातीत लोळत्यात कशापायी, ते मला कुणीतरी नीट समजावून सांगा. यांना विचारलं की यांचं भाषण सुरू होतं."

सुभेदारांनी खुर्ची ओढली आणि पटापासून सुरुवात केली. मी एक दुरुस्ती सुचवायला तोंड उघडलं, तर तिनं मागं न बघताच हात वर केला: थांबा.