पालक नाकारणारी दोन गिऱ्हाइकं

आगाशीच्या बाजारात माझ्या आईची भाजी परत करायची कुणाची छाती झाली नाही. तो पराक्रम अंगठ्याएवढ्या दोन फिंच पाखरांनी केला, तोही आमच्याच ओटीवर बसून. लेकीने हौसेने आणलेली ही जोडी. लेक शिकायला हॉस्टेलवर गेली आणि हौस आमच्या गळ्यात पडली.

वर्षभर दोघांनी राळ्याच्या दाण्यांशिवाय कशाला चोच लावली नाही. मग मादीने टरफल नसल्यासारखी मऊ अंडी घातली आणि पिसं फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसून राहिली. वसईच्या पक्ष्यांच्या डॉक्टरांनी मला असं झापलं, जणू ती अंडी मीच घातली होती. नुसत्या दाण्यावर अंगात ताकद राहत नाही. हिरवा पाला, उकडलेलं अंडं पोटात गेलं नाही तर पुढच्या अंड्याला ही दगावेल, म्हणाले.

"पाला?" आई हसली. "आपल्या घरात पाल्याची चिंता?"

तिथेच आम्ही चुकलो. आमच्याकडे नियम असा, की पहिल्या प्रतीचा माल बाजाराला आणि किडका घरच्यांना. मी भोकं पडलेली पानं खाऊनच वाढलो. पाखरांना मात्र आईने गिऱ्हाइकाचा मान दिला. कोवळा पालक निवडला, मुळं कापली, केळीच्या सोपटाने जुडी बांधली, वर पाणी शिंपडलं आणि पिंजऱ्यात लटकवली. जुडी बघून दोघं अशी हादरली, की समोरच्या कोपऱ्यात जाळीला चिकटून बसली. दुसऱ्या दिवशी मेथी. तिसऱ्या दिवशी कोथिंबीर, आणि तीही फुकट, जे आईने सख्ख्या बहिणीसाठीसुद्धा कधी केलं नाही. मी अंडं किसून ठेवलं, तर नर त्यावर उभा राहून शिटला. फोनवरच्या तज्ज्ञांनी सांगितलं, पाला बारीक चिरून दाण्यात मिसळा. मिसळला. त्यांनी दाणा न् दाणा वेचला आणि पाला तसाच ठेवला. इतक्या काळजीने आमच्या घरात कुणी तांदूळही निवडले नसतील.

तीन आठवडे असेच गेले. मादी पुन्हा पोटाने जड दिसू लागली, फांदीवर चढेनाशी झाली, आणि माझी थट्टा मलाच नकोशी झाली. मी घाबरलो होतो. लेकीला फोनवर "मजेत आहेत" म्हणून सांगत होतो.

मग एका सकाळी आई वाडीतून लाल माठाचं कमरेएवढं झाड घेऊन आली. मी चहाचा कप खाली ठेवला. ते बियाण्याला राखलेलं झाड होतं. वाफ्यातलं सगळ्यात जोरदार झाड विकायचं नाही, खायचं नाही, बी पिकेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. हे बी आईला तिच्या सासूने दिलेलं. लहानपणी मी त्याचं एक पान खुडलं होतं, तर दुपारचं जेवण बंद झालं होतं. तुरे अजून कच्चेच होते, म्हणजे यंदाचं बी गेलंच.

"काल यावर चिमण्या बसल्या होत्या," आई म्हणाली. "म्हटलं, हीपण चिमणीच ना."

या वेळी तिने निवडलं नाही, धुतलं नाही, जुडी बांधली नाही. पानांसकट तुरे तसेच जाळीत खोवले. नर आधी आला. त्याला ओरबाडताना बघून मादी तळावरून हळूहळू सरकली आणि लोंबणाऱ्या तुऱ्यातला दाणा तिने ओढला. दाण्याबरोबर पानाचा तुकडा फाटून आला. तो तिने गिळला. थोडं थांबली आणि मग नुसत्या पानालाच चोच घातली.

मला हसायचं होतं, पण डोळे भरून आले. वर आईचा रागही आला.

"अगं आई, पुढच्या वर्षी काय पेरणार? फिंच काय, दुकानात मिळते. दुसरी आणली असती."

"माठाचं बीपण दुकानात मिळतं," आई म्हणाली आणि मादीच्या बाजूला आणखी एक तुरा सरकवला.