दोऱ्यानं कापलेल्या अळूवड्या

पौडच्या बाजारात एका किराणा दुकानाच्या गल्ल्याशेजारी एक बाई बसायची. पुढ्यात ओल्या फडक्याखाली अळूवड्यांचे उकडलेले उंडे. सगळे तिला भाभी म्हणायचे, नाव मी कधी विचारलं नाही. सुरीला ती हात लावत नसे. दोऱ्याचं एक टोक दातात धरायची, दुसरं उंड्याभोवती फिरवून ओढायची, की गोल चकती अलगद पडायची. एकाही चकतीचं पान सुटायचं नाही.

मी विकतचं खाणाऱ्यातला नव्हे. पण त्या दिवशी बायको माहेरी, आणि नेरे गावचे नवे व्याही अवचित दारात. मला येतं ते फक्त पिठलं. सायकल काढली आणि पौड गाठलं.

"इकतचं म्हणून व्याह्यानं ताट सारलं, तर नाक जाईल माझं," मी म्हणालो.

तिनं दातातला दोरा काढला. "सारलं तर ताट हितं घेऊन या, दादा. मी तुमच्याम्होरं बसून खाते. पर घरच्या म्हणून सांगू नगा. माझ्या वड्या हायेत त्या!"

माझ्याएवढं ताठ माणूस मला पहिल्यांदाच भेटलं. घरी जाऊन मी खरं तेच सांगितलं. व्याही वड्या खात गेले, आणि शेवटी म्हणाले, "आणिक न्हाईत व्हय?"

पुढच्या बाजाराला ते रिकामं ताट मी पिशवीत घालून नेलं आणि तिच्यापुढं धरलं. दातात दोरा असल्यानं तिला बोलता येईना. ती नुसतीच हसत सुटली, आणि चकती वाकडी कापली गेली.

ती वाकडी वडी मी तिथंच उभ्यानं खाल्ली.